चौथी ओळ खोडून बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

पत्र लिहिणाऱ्या बाई ४६ वर्षांच्या आहेत. नोकरी हिशेबाची, दिवस आकड्यांत जातो. गेली नऊ वर्षं त्या चारोळ्या आणि हायकू, म्हणजे तीन ओळींच्या जपानी वळणाच्या कविता, लिहितात. चार वह्या भरल्या आहेत, कविता सहाशेच्या वर. लिहिलेलं ओळखीच्या दहा-बारा जणांना मोबाइलवर पाठवायचं, त्यांची 'वा!' आली की दिवस बरा जायचा, असं चाललं होतं. दीड वर्षापूर्वी त्यांची आई गेली. त्यानंतर काही महिने खूप लिहून झालं आणि मग सगळं एकदम आटलं. सात महिन्यांत एक ओळ नाही. थोरला भाऊ म्हणतो, "तीन-तीन ओळींचं पुरे झालं, आता काहीतरी भरघोस लिही. कादंबरी लिही." एका जाणकारांनी त्यांच्या हायकूंची अक्षरं मोजून "हे हायकूच नव्हेत" असं सांगितलं, तेव्हापासून त्या तीन ओळींची पाच-सात-पाच अक्षरं बोटांवर मोजत बसतात. त्यांना विचारायचंय : मोठं लिहिता येत नाही म्हणून मी छोटं लिहिते आहे का? सुचणं परत कसं येईल? आणि साठलेल्या सहाशे कवितांचं पुस्तक काढावं का? पत्राखाली सही आहे, 'तीन ओळींत अडकलेली'.

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आठ पानांचं आहे. हे आधी सांगते, कारण पहिल्याच पानावर तुम्ही लिहिलंय, "मला लांबलचक लिहिता येत नाही." आठही पानं मी एका बैठकीत वाचली आणि कुठे कंटाळा आला नाही. तेव्हा तो मुद्दा तूर्त बाजूला ठेवू या.

मी पत्रात दुसरंच काहीतरी शोधत होते. कादंबरीचा विषय दोन पानं चालला आहे. वेळ कुठून काढायचा, रोज किती पानं व्हायला हवीत, वहीत लिहावं की लॅपटॉपवर, सगळं आलंय. पण ती कादंबरी कशाबद्दल, त्यात माणसं कोण, याचा एक शब्द नाही. ज्याच्या डोक्यात कादंबरी घोळत असते त्याला ती सांगितल्यावाचून राहवत नाही, असा माझा अनुभव आहे. समोरच्यानं जांभई दिली तरी तो थांबत नाही. तुमच्या पत्रातली कादंबरी तुमच्या दादांची आहे. ती त्यांनाच लिहू दे.

दादा प्रेमानं बोलतात, यात मला शंका नाही. त्यांच्या बोलण्यामागे एक समज आहे आणि तो फक्त त्यांचाच नाही. छोटी कविता म्हणजे शिकाऊ उमेदवारी, आधी चारोळी, मग कविता, मग कथा आणि शेवटी कादंबरी, अशी एक शिडी पुष्कळांच्या मनात उभी असते. ती कुणी उभी केली कोण जाणे. बाशो या जपानी कवीनं १६८९ साली पायी एक लांबचा प्रवास केला, पाचएक महिन्यांचा. त्यावर त्यानं गद्य आणि हायकू मिळून एक छोटंसं पुस्तक लिहिलं. ते हातावेगळं व्हायला १६९४ उजाडलं आणि त्याच वर्षी तो वारला. पाच महिने चालणं, पाच वर्षं खोडणं. ते पुस्तक एका दुपारी वाचून होतं. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती घ्या. महाराष्ट्री प्राकृतातल्या दोन-दोन ओळींच्या सातशे गाथा, आणि आरंभीच सांगून टाकलंय की या एक कोटी गाथांतून निवडल्या. कोटीचा आकडा अर्थातच कविकल्पना. पण निवडीचं प्रमाण बढाई मारण्यासारखं वाटावं, ही गोष्ट मला फार आवडते. आम्ही किती लिहिलं यापेक्षा किती टाकलं, याची बढाई.

आता तुमचा खरा प्रश्न, आटण्याचा.

आधी एक साधी गोष्ट. तुमची आई गेली आहे. माणूस गेल्यावर कुणाला शब्दांचा पूर येतो, कुणाची वाचा बसते, आणि तुमच्यासारखं आधी हे आणि मग ते, असंही होतं. यात दुरुस्त करण्यासारखं काही असेलच असं नाही. कवितेखेरीज इतर गोष्टींतलाही रस गेला असेल, झोप उडाली असेल, तर मात्र सदरलेखिकेला पत्र लिहून भागणार नाही, डॉक्टरांशी बोला. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. तुम्ही कामावर जाता, वाचता, भाचीला गणित शिकवता, दादांवर चिडता. अडलंय ते फक्त लिहिणं. म्हणून मी लिहिण्याबद्दलच बोलते.

तुम्ही सोबत पाठवलेल्या बारा कविता मी दोनदा वाचल्या. त्यातली ही चारोळी :

दार उघडंच ठेवलं मी
तुझी चाहूल येईल म्हणून,
वारा तेवढा आत आला
तुझंच नाव घेऊन.

हिला खूप 'वा!' मिळाल्या, असं तुम्ही लिहिलंय, आणि त्या का मिळाल्या ते कळतं. 'म्हणून'ला 'घेऊन' भेटतं आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून दाद निघून जाते. पण एक करून बघा. चौथ्या ओळीवर बोट ठेवा आणि पहिल्या तीनच वाचा. दार उघडं ठेवलं, कुणीतरी येईल म्हणून, आणि आत आला तेवढा वारा. यात सगळं आलं की हो! 'तेवढा' या एका शब्दात वाट बघणं आहे, फजिती आहे, थोडं हसूसुद्धा आहे. चौथी ओळ येते आणि त्या वाऱ्याला कामाला लावते. तो बिचारा नुसता आत आला होता, त्याच्या हातात नावाची पाटी दिली.

चारोळीला मी कमी लेखत नाही. चौथ्या ओळीत ठेका पडणं हा तिचा धर्मच आहे, तो ठेका पडला नाही तर चारोळी लंगडते. नव्वदच्या दशकात चंद्रशेखर गोखल्यांच्या चारोळ्या ज्यांनी वहीत उतरवून घेतल्या, त्यांना ती ओळ कशी पाठ होऊन बसते ते माहीत आहे. माझी तक्रार तुमच्या सवयीबद्दल आहे. नऊ वर्षं तुम्ही चौथ्या ओळीची दाद घेत आलात. मला वाटतं, आता तुम्हाला चौथी ओळ आधी लागते. काहीही दिसलं की मन विचारतं, याच्या शेवटी काय म्हणता येईल? आणि म्हणण्यासारखं काही नसेल तर ते दिसलेलं तुम्ही सोडून देता. असं करता करता डोळ्यांना वळण लागतं. ज्यातून टाळीची ओळ निघते तेवढंच दिसायला लागतं, आणि आई गेल्यानंतरच्या दिवसांत तसं काही सापडत नसणार. त्या दिवसांना चौथी ओळ नसतेच.

शेर लिहिणाऱ्यांचीही अशी पत्रं मला येतात. त्यांचं दुखणं याच घराण्यातलं आहे. काफिया, म्हणजे यमक, आधी सुचतो आणि मग त्याच्यासाठी मिसरा, म्हणजे शेराची ओळ, धरून आणला जातो, नवरदेव ठरल्यावर नवरी शोधावी तसा.

तुमच्या हायकूत हे आणखी स्पष्ट दिसतं :

रिकामे घर
आठवणींची दाटे
उदास सांज

मोजून बघितलं. पाच, सात, पाच. जाणकारांना आता काही बोलता येणार नाही. पण मला सांगा, हे घर कुणाचं आहे? यात एक खुर्ची नाही, भिंत नाही, आवाज नाही. 'आठवणी' हा शब्द आहे, आठवण एकही नाही. 'उदास' तुम्ही म्हणून टाकलंत, त्यामुळे मला उदास व्हायला जागाच उरली नाही. हे तीन ओळींत लपलेलं चौथ्या ओळीचंच काम आहे.

आणि आता तुमच्याच पत्राचं पाचवं पान उघडते. तिथे कादंबरी आणि वेळापत्रक यांच्या मध्ये तुम्ही सहज लिहून गेला आहात : "दर रविवारी घर आवरताना खिडकीतला आईचा चष्मा पुसते आणि परत तिथेच ठेवते. का ते माहीत नाही. असो." त्या 'असो'वर मी किती वेळ थांबले होते! सात महिने काही सुचलं नाही म्हणता, आणि हे काय आहे? तुम्ही याला सुचणं मानलं नाहीत, कारण यात म्हणण्यासारखं काही नव्हतं. मी फक्त तुमचेच शब्द तीन ओळींत मांडते :

आईचा चष्मा
पुसून ठेवला मी
पुन्हा तिथेच

फार थोर हायकू झाला असं माझं म्हणणं नाही. पण 'रिकामे घर'च्या शेजारी ठेवून बघा. यात आई नाही हे कुठेच म्हटलेलं नाही. उदास शब्द नाही. धूळही नाही, पण पुसलं म्हणजे ती होतीच, आणि धूळ होती म्हणजे दिवस गेले. शेवटच्या ओळीतला 'च' बघा. 'तिथे' ठेवला असता तर नुसती आवराआवर झाली असती. 'तिथेच' म्हटलं की कुणीतरी ती जागा जपतंय. जपानी हायकूत 'या', 'काना', 'केरी' असे काही शब्द असतात, त्यांना किरेजी म्हणतात, म्हणजे कापणारा शब्द. त्यांचा स्वतःचा अर्थ फारसा नसतो. ते ओळ तोडतात, श्वास अडवतात, भार टाकतात. मराठीत अशी सोय नाही असं लोक म्हणतात. माझ्या मते आपल्याकडे 'च' आहे, 'ही' आहे, 'तर' आहे, 'की' आहे. एक-दोन अक्षरांचे हे शब्द आपण बोलताना इतके नेमके वापरतो, आणि कविता लिहायला बसलो की सांज, व्याकूळ, मनगाभारा असलं काहीतरी काढतो.

आता त्या ओळींत एक खोट आहे, ती तुमच्या लक्षात आली असेल. मधल्या ओळीतला 'मी'. तो सात भरायला आला आहे. 'पुसून ठेवला' एवढ्यावर काम भागतं, पण अक्षरं सहाच होतात. मग काढायचा की ठेवायचा?

काढायचा. इथे जाणकारांच्या मोजणीबद्दल जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण या एका गोष्टीवरून मी कितीतरी लोकांना लिहिणं सोडताना पाहिलं आहे. जपानी भाषेत पाच-सात-पाच जे मोजतात ती आपली अक्षरं नाहीत. टोकियो हे नाव त्यांच्या मोजणीत चार भरतं : तो-ओ-क्यो-ओ. दीर्घ स्वर दोनदा मोजायचा. निप्पोनसुद्धा चार : नि-प्-पो-न्. आपण अक्षरं मोजली तर तीन होतील. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन हा आपला हिशेब ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे ऐकून मात्रावृत्त आठवेल, आणि ते जास्त जवळचं आहे. तेव्हा मराठीत सतरा अक्षरं काटेकोर भरली म्हणजे आपण जपानी नियम पाळला, हा भ्रम आहे. आपण आपलाच एक नियम केला आणि तो पाळला. पाळायला हरकत नाही, मर्यादेत मजा असते. पण त्यावरून दुसऱ्याला हिणवायचं म्हणजे जास्त झालं.

शिवाय खुद्द बाशो. वाळक्या फांदीवर कावळा येऊन बसलाय आणि शरदातली संध्याकाळ आहे, एवढंच सांगणारा त्याचा एक प्रसिद्ध हायकू आहे. त्याची मधली ओळ सातऐवजी नऊ मोजण्यांची आहे. आधीच्या खर्ड्यात ती दहा होती! त्यानं ती बदलली, एक मोजणी कमी केली, आणि तरी सातावर आणली नाही. कावळ्याला बसायला तेवढी जागा लागत असेल. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, आणि त्यांच्या कितीतरी हायकूंत पाच-सात-पाच सापडत नाही. जाणकारांना हे माहीत नसेल असं नाही. पण मोजणं सोपं असतं, त्यामुळे माणसं आधी मोजतात.

तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, तुम्हाला हे पटायला जड जाईल. ताळा जुळला की काम झालं, ही तुमची दिवसभराची शिस्त. कवितेत ताळा जुळल्यावर एकदा विचारायचं : यातला कुठला शब्द फक्त ताळा जुळवायला आलाय?

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. वर मी 'उदास म्हणू नका, वस्तू दाखवा' असा थाट घेतला आहे आणि जपानी हायकूकार इस्सा माझ्याकडे बघून हसतोय. त्याची लहानगी मुलगी १८१९ साली देवीच्या साथीत गेली. त्यानंतरचा त्याचा हायकू असा : हे जग दवाचं आहे, दवाचंच जग आहे, आणि तरीही… त्यात चष्मा नाही, खिडकी नाही. जग क्षणभंगुर आहे हे शहाणपण त्याला ठाऊक होतं, धर्मानं शिकवलेलं होतं. ते तो म्हणतो, पुन्हा म्हणतो, आणि 'तरीही' म्हणून गप्प होतो. वस्तू दाखवण्याचा नियम त्यानं धाब्यावर बसवला. पण शेवट त्यानंही केला नाही. 'तरीही'च्या पुढचं वाक्य दोनशे वर्षं कुणाला मिळालेलं नाही.

इस्सानं वीस हजारांच्या आसपास हायकू लिहिले. लोकांच्या तोंडी आहेत ते मोजके. तुमच्या सहाशेंपैकी पाचशे साधारण असतील, तर तुमचं बरं चाललंय.

सहाव्या पानावर तुम्ही म्हटलंय की माझं आयुष्य एवढंसं, घर आणि कामाची जागा, त्यात नवीन काय दिसणार. याला उत्तर म्हणून मासाओका शिकीची गोष्ट सांगते. हायकू हे नाव रूढ केलं ते यानंच. त्याआधी त्या तीन ओळींना होक्कू म्हणत. शिकीचा जन्म १८६७चा, मृत्यू १९०२चा. क्षयानं पाठीचा कणा पोखरला होता, शेवटची वर्षं अंथरुणात गेली. त्याचं सगळं जग म्हणजे अंथरूण आणि तिथून दिसणारी एवढीशी बाग. १८९६ सालच्या त्याच्या एका हायकूत फक्त इतकंच आहे : बर्फ किती साचला, हे मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. त्याला उठून बघता येत नाही. घरातलं कुणीतरी जाऊन बघतं, येऊन सांगतं, थोड्या वेळानं तो परत विचारतो. तो आजारी आहे हे त्यात म्हटलेलं नाही, बर्फही दिसत नाही. दिसतं ते विचारणं. तुमच्याकडे त्याच्यापेक्षा एक रस्ता जास्त आहे, कामावर जायचा.

आणि वेळ नाही म्हणाल, तर बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. काम करता करता ओवीच्या चालीवर त्या म्हणत गेल्या, इतरांनी ते टिपून ठेवलं. १९५१ साली त्या गेल्या, पुस्तक आलं १९५२ मध्ये. छोट्या रचनेचा हा फायदा कादंबरीकाराला नाही. ती हात गुंतलेले असतानाही डोक्यात धरून ठेवता येते, घोळवता येते. तुम्ही आकडे तपासता, त्या वेळीही तीन ओळी मागे चालू राहू शकतात.

मग करायचं काय, ते सांगते. तुम्हाला म्हणून सांगतेय, पण चारोळी-हायकूच्या आटण्याची पत्रं लिहिणाऱ्या इतरांनीही करून बघावं.

तीन महिने कविता लिहू नका. खरंच. पाचवी वही आणा आणि तिच्यात रोज एक गद्य ओळ लिहा, पत्रातल्या त्या चष्म्याच्या ओळीसारखी. काय दिसलं, काय ऐकलं, काय केलं. क्रियापद असलेलं साधं वाक्य. वर तारीख घाला, ऋतूचं काम तीच करेल. जपानी कवी ऋतू सुचवणारा एखादा शब्द घालतात, त्यासाठी त्यांच्याकडे शब्दांचे कोशच आहेत. आपल्याला तूर्त तारीख पुरे. त्या वाक्यात 'जणू' नको, 'सारखं' नको, आणि भावनेचं नाव नको. काही दिवस हे इतकं नीरस वाटेल की मला शिव्या द्याव्याशा वाटतील, द्या. एखाद्या दिवशी 'आज काही दिसलं नाही' एवढंच लिहिलंत तरी चालेल, पण ते सलग चार दिवस आलं तर पाचव्या दिवशी काय दिसलं नाही ते लिहा.

महिन्यानं ती वही मागून पुढे वाचा. एखाद्या ओळीपाशी डोळा अडकेल. तिला तीन ओळींत मोडा आणि मोठ्यानं म्हणा. जिथे आपोआप थांबता तिथे ओळ तुटते, मोजणीवर जाऊ नका. मग एक शब्द काढा. अर्थ तगला तर आणखी एक काढा. काढता काढता ते कोसळेल, तेव्हा शेवटचा काढलेला परत ठेवा. माझ्या विशीत मी एका संपादकांना बावन्न हायकू पाठवले होते. सगळे परत आले, दोनांवर पेन्सिलीची खूण आणि खाली एक ओळ : "बाकीच्यांत तुम्ही फार बोलता." चार दिवस जेवण गोड लागलं नाही. कागद अजून माझ्याकडे आहे, आणि आज बघते तर त्या दोनांपैकीही एकात जास्तच बोलले आहे.

या तीन महिन्यांत त्या दहा-बारा जणांना काही पाठवू नका. ते वाईट नाहीत. पण 'वा!' ही फार लवकर येणारी गोष्ट आहे. कवितेवर आठवडा जाऊ दिला की ती आपली आपल्यालाच परकी वाटायला लागते, आणि तेव्हाच तिच्यातली भरती दिसते. ती मुदत तुम्ही कवितेला देत नव्हता.

अगदीच एकटं वाटलं तर एकच माणूस निवडा आणि एक जुना खेळ खेळा. होक्कू ही मुळात स्वतंत्र कविता नव्हतीच, साखळीची पहिली कडी होती. एकानं पाच-सात-पाचची कडी म्हणायची, दुसऱ्यानं सात-सातची जोडायची, त्याला पुन्हा तिसऱ्यानं. बाशोच्या मंडळींना छत्तीस कड्यांची साखळी आवडायची. यातली गंमत अशी की तुमची कडी तुम्ही बंद करून ठेवली तर पुढच्याला जोडायला काही उरत नाही. चौथ्या ओळीची सवय मोडायला याच्याइतका चांगला उपाय मला माहीत नाही. तुम्ही तीन ओळी पाठवायच्या, त्यानं 'वा' म्हणायचं नाही, दोन ओळी पाठवायच्या. छत्तीस झेपणार नाहीत, बारा करा. भाचीला विचारा. गणित शिकणाऱ्या मुलांना कड्या जोडता येतात.

पुस्तकाबद्दल थोडक्यात : या वर्षी नको. सहाशे हायकू-चारोळ्या कुणी सलग वाचत नाही, मी पोटापाण्यासाठी वाचते तरी चाळीसनंतर माझं लक्ष उडतं. आधी सहाशेतून साठ काढा, सहा महिन्यांनी साठातून तीस. निवड करताना 'ही लोकांना आवडली होती' हा मुद्दा धरायचा नाही. तीस उरले आणि त्यांतला प्रत्येक एकट्यानं एका पानावर उभा राहतोय असं वाटलं, तर पुस्तकाचं बोलू. पैसे भरा, तुमच्या पाच कविता आमच्या प्रातिनिधिक संग्रहात घेतो, असं कुणी म्हणालं तर भरू नका. पुढे स्वखर्चानं स्वतःचं छोटं पुस्तक काढलंत तर त्यात कमीपणा नाही, फक्त खर्च किती आणि प्रती किती ते आधी लेखी घ्या. हिशेब तुम्हाला मी काय शिकवणार.

आणि कादंबरी? ती तुमच्याकडे आली तर लिहा. चष्म्याच्या आणि खिडकीच्या ओळी साठत साठत एके दिवशी एकमेकींशी बोलायला लागल्या, तर तीन ओळींत त्या मावणार नाहीत आणि ते तुम्हाला आपोआप कळेल. नाही आली तर दादांना सांगा, वाट बघतेय.

सही मात्र बदला. तीन ओळींत तुम्ही अडकलेल्या नाही. तुम्ही पाठवलेल्यांत तीन ओळींवर थांबलेली कविता मला फारशी दिसलीच नाही.

चष्म्याचं एक विचारायचं राहिलं, पुढच्या पत्रात कळवा. पुसून झाल्यावर त्याच्या काड्या मिटून ठेवता, की उघड्याच?